काकांच्या पुढचं चाक

काकांच्या पुढं माझं चाक असायचं. चार वर्षं असायचं.

ज्यानं कधी ओळीनं सायकल चालवली नाही त्याला हे सांगावं लागतं. पुढचा गडी वारा फोडतो, आणि त्याच्या मागच्या चाकापासून वीतभरावर आपलं पुढचं चाक धरून जो चालवतो त्याला तोच वेग कमी कष्टात मिळतो. पण मागच्याला पुढचं काही दिसत नाही. खड्डा दिसत नाही, कुत्रं दिसत नाही. पुढचा वळला की वळायचं, पुढचा पडला की पडायचं. म्हणून शहाणा माणूस कुणाच्याही मागं बसत नाही. काका माझ्या मागं बसायचे. पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “तुझें चाक सरळ जातें रे. भीती वाटत नाहीं.”

नववीनंतर मला कुणी कशाबद्दल चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं. आमच्याकडं पोरगं शाळेत अडखळलं की त्याला गलाईला पाठवतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली माणसं हे काम घेऊन कुठं कुठं गेलीत, तमिळनाडूत तर गावोगाव. मी बीजगणितात गेलो आणि पंधराव्या वर्षी कुंभकोणम्‌ला शेठच्या दुकानात आलो. शेठ आमच्याच गावचे. त्यांनी भट्टीपुढं उभं राहायला शिकवलं, मूस कशी तापवायची ते शिकवलं, आणि मला टायफॉइड झाला तेव्हा शेठाणींनी तीन आठवडे पेज करून घातली. हे उपकार मी विसरत नाही. पण उपकारावर उभ्या असलेल्या माणसाला एक भीती कायम असते. माझ्याकडं जे आहे ते कुणाच्या तरी मर्जीनं आलंय, मग मर्जी फिरली तर? तिशी ओलांडली तरी शेठनं नुसतं “जरा इकडं ये” म्हटलं की मी आधी आपलं काय चुकलं ते शोधू लागतो.

काकाही असेच मर्जीनं मिळाले. एका रविवारी पहाटे कॉफीच्या दुकानाबाहेर मी आईशी फोनवर बोलत होतो. शेजारी सायकलींचा एक घोळका उभा होता, त्यातले एक म्हातारे गृहस्थ डबरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, “कोण गांव तुमचें?”

मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. असं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकात, जुन्या लेखकांच्या धड्यांत पाहिलं होतं, आणि हे तर तमिळ चालीत. मग कळलं की ते तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. घरात हे मराठी, दाराबाहेर तमिळ. मुली सासरी, बोलायला बायकोशिवाय कोणी नाही. मलाही शेठच्या दुकानाबाहेर कोणी नव्हतं. त्यांनी आपली जुनी सायकल मला दिली, सीट खाली करून दिली, आणि सायकलच्या घोळक्यात अस्के, म्हणजे सगळे, त्यांना ‘सार’ म्हणत असताना मला म्हणाले, “तूं काका म्हण.”

त्या घोळक्यात काका म्हणणारा मी एकटा. रविवारची राइड झाली की त्यांच्या घरी काकू अंबट भाजी आणि भात वाढायच्या, आणि आम्ही दोघं मराठीत बोलायचो. त्यांचे अर्धे शब्द मला कळायचे नाहीत, माझे अर्धे त्यांना. दोघंही मान हलवायचो.

शर्यत दर वर्षी पोंगलनंतर. गावातल्याच सायकलवाल्यांनी भरवलेली. तंजावर रस्त्यानं पापनाशम्‌च्या पुढं जाऊन वळायचं आणि परत. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. चार-चार जणांचे संघ, एकेक संघ काही मिनिटांच्या अंतरानं सोडतात. कुणाच्या अंगाला अंग लावून पळायचं नाही, फक्त घड्याळाशी शर्यत. आणि नियम असा की घड्याळ थांबतं ते संघाचा तिसरा गडी रेषा ओलांडतो तेव्हा. पहिला कितीही लवकर पोचू दे, त्याला शून्य किंमत. चौघांतला एक मागं पडला तर चालतो. दोन पडले तर संपलं.

आमच्यात समयांचं दुकान असलेला एक जाडजूड भला माणूस होता. तो सपाट रस्त्यावर पहिले वीस किलोमीटर बैलासारखा ओढायचा आणि वळणानंतर ठरल्याप्रमाणं सुटायचा. म्हणजे तिसरा गडी नेहमी काका. आमचा वेळ म्हणजे काकांचा वेळ. आणि काकांना एकच हवं होतं: सव्वा तासाच्या आत. आदल्या वर्षी दोन मिनिटं जास्त लागली होती. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शर्यत शेवटची, पुढं नुसतं फिरायचं. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, “ह्यांचें शेवटचें तीन वर्षांपासून चाललें आहे.” पण ह्या वेळी काका हसले नाहीत.

चौथा गडी कोइंबतूरला नोकरीला गेला होता. त्याच्या जागी तो आला.

नाशिकचा. इंजिनीअर होऊन बँकेत लागलेला, बदली होऊन इथं आलेला. उंच. काळी कार्बनची सायकल. एका बोटावर उचलून दाखवली त्यानं, तीही बढाई म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. मी त्याला ‘सर’ म्हटलं. “अरे, सर काय, मी तुझ्याहून लहान असेन,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “इथं मराठी बोलणारं कोणी नाही ना रे? वेड लागायची पाळी आलीय.”

मी म्हणालो, “नाही, फारसं कोणी नाही.”

ते मी का म्हणालो हे मला म्हणतानाच कळलं होतं. लाजही वाटली. पण लाजेचा काही उपयोग झाला नाही, कारण दहा मिनिटांत काकांनीच त्याला गाठलं. “कोण गांव तुमचें?” तेच वाक्य, त्याच चालीत. मला वाटत होतं ते वाक्य माझ्यासाठी तयार झालं होतं. आणि तो म्हणाला, “काका, तुम्ही कसलं गोड मराठी बोलता.”

काका. न विचारता. मला सांगावं लागलं होतं, ह्याला आपसूक आलं.

त्यानंतरचे दोन महिने मी काय काय मोजलं ते लिहायला बरं वाटत नाही. काकूंनी त्याला अंबट भाजी दोनदा वाढली. काकांनी त्याला पणजोबांची मोडीतली कागदपत्रं दाखवली, जी मला कधी दाखवली नव्हती. आता मला मोडी कुठली वाचता येणार; पण त्यालाही येत नव्हती. त्यानं फोनवर फोटो काढून नाशिकच्या कुणा ओळखीच्याकडून चार ओळी लावून आणल्या, आणि काकांचे डोळे भरून आले. मी शेजारी बसून शेंगदाण्याची सालं काढत होतो. मी चार वर्षांत काकांसाठी काय आणलं होतं? गावाकडचा काकवीचा डबा.

तो वाईट असता तर किती सोपं गेलं असतं. माझ्या सायकलची चेन घासत होती ती त्यानं स्वतः बसून नीट केली. म्हणाला, “तू भट्टीवर काम करतोस ना? हात दाखव बघू,” आणि माझ्या हातावरचे चट्टे बघून माझा हात लगेच सोडला नाही. मला ती कणवसुद्धा नको होती.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी काकांनी ओळ ठरवली. पुढं समयावाले, मग मी, मग तो, मग काका. पुढचा गडी मिनिटभर ओढतो, बाजूला होतो, शेपटीला जाऊन लागतो. ओळ तशीच फिरत राहते. म्हणजे काकांच्या पुढं कायम तो.

मी म्हणालो, “काका, तुम्ही माझ्या मागं असता ना?”

“तूं बुटका रे,” काका म्हणाले. “हा उंच आहे. वारा जास्त अडवितो. माझा गुडघा आतां वारा सोसत नाहीं.”

समयावाले तमिळमध्ये म्हणाले, “काय बोलताय तिघं? मला पण सांगा. माझ्या पोटामागं बसा म्हणावं, माझ्याइतका वारा कोणी अडवत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. उंचीचा काय दोष, आणि उंचीवर राग तरी कसा धरायचा? पण आठवडाभर भट्टीपुढं माझ्या डोक्यात तेच. शेठनं एकदा हटकलं, “मूस फुटंल की रे. एकदम आच देतोय काय? लक्ष कुठाय तुझं?” थंड मुशीला एकदम आच दिली की ती तडकते. हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत आहे.

शर्यतीच्या सकाळी रस्त्यावर धुकं होतं आणि दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं. मी टायरची हवा तीनदा तपासली. चौथ्यांदा तपासायला वाकलो तर समयावाले म्हणाले, “तम्बी, आता ते टायर लाजेल.” सुटताना काकांनी नेहमीची सूचना दिली, आधी तमिळमध्ये मग मराठीत: “जोर वाटला तर लांब ओढा. जास्त ओढूं नका. अस्के संगट जाऊं, अस्के संगट येऊं.” लांब ओढा म्हणजे जास्त वेळ पुढं राहा, पण वेग वाढवू नका. टीम टाइम ट्रायलचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

जाताना सगळं सुरळीत झालं. पापनाशम् ओलांडलं तेव्हा आम्ही ठरवल्यापेक्षा अर्धा मिनिट पुढं होतो. वळणावर समयावाल्यांनी हात हलवला, “जा, राजांनो, मी कॉफी पिऊन येतो,” आणि सुटले. राहिलो तिघं. मी, तो, काका. येताना वारा समोरून.

तिघांत ओळ अशी फिरते: मी ओढून मागं आलो की माझ्या पुढं काका, त्यांच्या पुढं तो. त्यामुळं दर फेरीला मला काकांची पाठ दिसायची, आणि त्या पाठीपुढं त्याची रुंद पाठ. काका त्याच्या आडोशाला अगदी स्वस्थ होते. खांदे सैल. माझ्या मागं असताना त्यांचे खांदे सैल असायचे का? मला कसं माहीत असणार? मी पुढं असायचो.

एकदा तर ते दोघं बोलले. ह्या वेगाला कोणी बोलत नाही. तो मान थोडी वळवून म्हणाला, “काका, ठीक?” आणि काका म्हणाले, “बेस.”

त्या ‘बेस’नं माझं बिनसलं.

स्वामिमलैच्या फाट्याच्या अलीकडं काकांची पुढं यायची पाळी आली. त्यांनी वीसेक सेकंद ओढलं, कोपर हलवलं आणि बाजूला झाले. आता मी पुढं. इथं एक गोष्ट सायकलवाल्याला झोपेतही कळते: जो नुकताच ओढून बाजूला झालाय तो ह्या क्षणी सगळ्यात थकलेला असतो, आणि त्याला अजून शेपटीला लागायचं असतं. म्हणून नव्या पुढच्यानं ह्या वेळी वेग मुळीच वाढवायचा नाही. मी ह्याच वेळी वाढवला. माझ्या मागं तो होता, आणि मला फक्त त्याला तोडायचं होतं. एकदाच त्याचं चाक माझ्या चाकापासून सुटलेलं काकांनी बघावं, एवढंच. मी उभा राहून पायडल मारले, दोन गिअर चढवले, मान खाली घातली.

मागून तो ओरडला, “हळू. हळू, काका सुटले.”

मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो की वाऱ्यात मला फक्त ‘हळू’ एवढंच ऐकू आलं, आणि मला वाटलं की तो दमला. हे खोटं आहे. मी ‘काका’ ऐकलं होतं. ‘सुटले’ही ऐकलं होतं. आणि तरी पाच-सहा श्वास मी तसाच मारत राहिलो, कारण तो विनवतोय हे ऐकायला मला बरं वाटत होतं.

मग मागचा आवाज थांबला. मी काखेखालून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

रस्ता सरळ होता. दूरवर ते दोघं दिसत होते, तो मागं जाऊन काकांच्या पुढं लागलेला. मी एकटा पुढं, वाऱ्यात, पायांत अजून भरपूर जोर, आणि त्या जोराची किंमत शून्य. रेषेवर जाऊन उभा राहिलो असतो तरी घड्याळ चालूच राहिलं असतं. मी पायडल थांबवले. नागवेलीच्या पानांच्या एका मळ्यापाशी, नुसतं चाक फिरू देत, त्यांची वाट बघत राहिलो. एवढा वेळ मी कुठल्याच भट्टीपुढं थांबलेलो नाही, असं वाटलं.

ते आले. काकांचा चेहरा राखेसारखा, तोंड उघडं. जाता जाता त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, फक्त म्हणाले, “मागें ये.”

मी मागं लागलो. पुढची पाळी आली तेव्हा मी ओढलं, जास्त नाही, लांब. बाजूला व्हायचा इशारा दोनदा टाळून लांब. पाय भरून आले, तोंडात लोखंडाची चव आली. बायपासच्या पुलावर आम्ही तिघं एकत्र चढलो, आणि काकांचं चाक रेषेवरून गेलं.

सव्वा तास आणि अकरा सेकंद.

काका सायकल आडवी टाकून रस्त्याकडेला बसले. समयावाले मागून एका टेम्पोत सायकल घालून आले आणि उतरता उतरता विचारू लागले, “किती? किती?” मग तो म्हणाला, तमिळमध्ये, त्याच्या मोडक्या तमिळमध्ये, “माझी चूक. माझं चाक सुटलं, म्हणून काका सुटले.”

त्या क्षणाइतका मत्सर मला आयुष्यात कधी वाटला नाही. माझं पापसुद्धा त्यानं घेतलं, आणि किती सहज. मला गप्प बसता आलं असतं. काका पुढचं बघू शकत नव्हते, समयावाले तिथं नव्हतेच. पण मी गप्प बसलो असतो तर ते अकरा सेकंदही त्याचे झाले असते. मला वाटतं मी चांगुलपणानं नाही, त्या हट्टानंच बोललो.

“काका, त्याचं चाक सुटलं नाही. मी मुद्दाम जोर लावला. त्याला तोडायला. तो ओरडला ते मी ऐकलं होतं.”

काका बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, “मला ठाऊक.”

“कसं?”

“तुझें चाक चार वर्षें पाहिलें. आज तें वांकडें जात होतें.” मग गुडघा चोळत राहिले. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “पणजोबांचीं कागदपत्रें तुला दाखविलीं नाहींत म्हणून होय?”

मी वाकून टायर चेपून बघू लागलो. तो नाशिकचा आपल्या सायकलकडं बघत राहिला, ऐकलंच नाही असं दाखवत. समयावाले म्हणाले, “परत मराठी. अरे, हरलो तरी तमिळमध्ये हरा.”

काका मला रागावले नाहीत. रागावले असते तर फिटलं असतं. अकरा सेकंद त्यांना परत मिळणार नव्हते आणि हे त्यांनी मला कधी म्हणून दाखवलं नाही, आजतागायत नाही. काकूंनी त्या दिवशीही भात वाढला. मी खाल्ला. मर्जी गेली नाही, आणि मर्जी जात नाही तेव्हा काय करायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं काका आता शर्यत करत नाहीत. रविवारी आम्ही तिघं इन्नंबूरच्या बाजूला जातो, रमतगमत. शेतांतून वारा असतोच. पहिल्याच रविवारी कुणी कुठं असावं ह्यावर कोणी बोललं नाही. मी आपोआप मागं जाऊन उभा राहिलो. काका म्हणाले, “तिकडे काय करतोस? पुढें हो. तुझें पाऊल आतां हळू आहे, माझ्या गुडघ्याला बरें.”

तेव्हापासून मी पुढं असतो. माझ्या मागं काका, त्यांच्या शेजारी तो. ते दोघं बोलत असतात, बहुतेक त्या कागदपत्रांबद्दल. पुढं असणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं, बाकीचं वारा नेतो. काका हसतात तेव्हा कशाला हसले ते मला कळत नाही, आणि मान वळवून विचारावंसं फार वाटतं. पण मान वळवली की चाक वाकडं जातं. मी रस्ता बघतो, खड्डा आला की हात खाली करून दाखवतो, आणि मागं त्यांच्या चेनचा आवाज येत राहतो तोवर वेग तेवढाच ठेवतो.